शीटवर ऐंशी बसतात

हंसापुरीत, बावनकरांच्या प्रेसमध्ये
पंधरा वर्षं मी लग्नपत्रिका तपासते.
आजोबांच्या नावाआधी ‘कै.’ आहे की नाही, एवढं बघायचं.
एकदा राहून गेलं. एकदा चुकून लागलं;
त्या वेळी आजोबा स्वतः आले भांडायला.

यंदा मे महिन्यात, लग्नसराई ओसरताना,
धरमपेठेतल्या घाटाटेबाई टॅरोची पानं घेऊन आल्या.
अठ्ठ्याहत्तर. चित्रं त्यांच्या भाचीची:
मूर्ख फुटाळ्याच्या काठावर, एक पाय हवेत,
चंद्राखाली बर्डीवरची दोन कुत्री,
आणि कोसळता बुरूज, विजेच्या खांबासकट.
सोबत पुस्तिका. तिचं पहिलंच वाक्य:
टॅरोचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये झाला.

मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: पुरावा?

बावनकर म्हणाले, ‘काहून गा ताई,
तुमाले शुद्धलेखन पाहाले ठेवलं नं?
इजिप्तची वेलांटी बरोबर हाय का, तेवढं सांगा.’
बरोबर होती.
वेलांटी बरोबर असली की
पुष्कळ गोष्टी खऱ्या वाटतात.

रात्री कूलरच्या घरघरीत वाचत बसले.
अडीचशे वर्षांपूर्वी पॅरिसमधल्या एका पाद्र्यानं
बायकांना पत्ते खेळताना पाहिलं
आणि पाव तासात ठरवलं,
हा इजिप्तच्या पुरोहितांचा ग्रंथ आहे.
तेव्हा इजिप्तची चित्रलिपी
जगात कुणालाच वाचता येत नव्हती.
जे वाचताच येत नाही
त्याचं प्रूफ कोण तपासणार?

त्याच्या आधी तीनशे वर्षं इटलीत
हा नुसता खेळ होता. हुकूम, हात, उधारी.
भविष्य एवढंच की आता कुणी पिसायचं.
आणि त्याच्याही आधी मामलुकांचे पत्ते:
पेले, नाणी, तलवारी, पोलोच्या काठ्या.
पोलो कधी न पाहिलेल्या हातांनी
समुद्रापलीकडे त्यांचे सोटे केले.
नकलेतली चूक. मग तीच रीत.

आणि मामलुक कुठले? कैरोचे.
मी उठून पाणी प्यायले.
म्हणजे इजिप्त आलंच,
फक्त मागच्या दारानं, पिरॅमिड न घेता.

‘मंग झालं नं!’ बावनकर सकाळी म्हणाले.
झालं नव्हतं. पण कसं सांगावं
की उत्तर बरोबर असून गणित चुकलंय.

रज्जाकभाई पानांचे कोपरे गोल करत होते.
म्हणाले, आमच्या दादांकडे गंजिफा होता,
ताज, शमशेर, गुलाम, सगळे पत्ते गोल.
गोलाला कोपराच नाही, तर दुमडणार काय?
कुठून आला होता, विचारलं.
‘दादांकडून,’ ते म्हणाले, आणि पंच दाबला.

घाटाटेबाईंना मी ‘मतभेद आहेत’ असं सुचवलं.
त्या हसल्या. गिऱ्हाईक मतभेदाला पैसे देत नाही.
शेवटी एका शब्दावर तोडगा निघाला:
टॅरोचा उगम प्राचीन इजिप्तमध्ये झाला, म्हणतात.
ओळीत जागा नव्हती. अक्षरांतलं अंतर आवळून
तो शब्द मी बसवला.

शीटवर मात्र ऐंशी बसतात.
दोन पानं कोरी निघाली, दर गठ्ठ्यामागे.
इटलीतल्या एका जुन्या जोडातली चार हरवली आहेत,
सैतान, बुरूज, तलवारींची तिर्री,
नाण्यांचा घोडेस्वार.
मी हे सांगितल्यावर बावनकरांनी
एका कोऱ्या पानामागे बिलाची बेरीज केली.

दुसरं माझ्या पर्समध्ये राहिलं.
घरी जाताना झिरो माईलपाशी सिग्नल लागला.
इथून कवर्धा किती, चांदा किती,
दगडावर सगळं कोरलेलं, मैलांत.
मागच्या सीटवरचा पोरगा बापाला सांगत होता,
हा देशाचा बरोब्बर मध्य आहे.
बाप म्हणाला, ‘कोन म्हन्लं तुले?’
‘बाईंनी.’

मी पर्स चाचपली. सिग्नल हिरवा झाला.